टिल्लूसरांचं जर्मन

माधव टिल्लू हे सत्तेचाळीस वर्षांचे, सहा फूट दोन इंच उंचीचे, जाड मिशांचे गृहस्थ चौदा वर्षांच्या मुलीसारखं जर्मन बोलायचे.

आवाज मुलीसारखा नव्हे हं. आवाज चांगला भारदस्त, खर्जातला. शब्द मुलीचे.

मला हे कळलं ते जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. दोन हजार पंधरा साल असेल. आमचं काम गाडीतले नको असलेले आवाज शोधायचं. दार वाजतं, डॅशबोर्ड कुरकुरतो, सीटखाली काहीतरी टकटकतं. ते नेमकं कुठून येतं हे हुडकायचं आणि बंद करायचं. टिल्लूसर त्यातले मुरलेले. त्या दिवशी दाराच्या क्लिपा पुरवणारा माणूस आला होता. त्याने तासभर आलेख दाखवले आणि शेवटी म्हणाला, आमची क्लिप नियमात बसते, आम्ही बदलणार नाही. टिल्लूसर उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "दास इस्ट झो गेमाइन फॉन इनेन! इश रेडं नी वीडर मिट इनेन!"

म्हणजे साधारण असं, की "किती दुष्ट आहात हो तुम्ही! जा, कट्टी! आता मी तुमच्याशी कध्धी कध्धी बोलणार नाही!"

कोणी हसलंसुद्धा नाही, इतके सगळे चाट पडले होते. त्या माणसाने नोकरीत धमक्या ऐकल्या असतील, शिव्या खाल्ल्या असतील. कट्टी त्याच्याशी कोणी घेतली नसावी. तो कानापर्यंत लाल झाला, कागद गोळा करून गेला आणि पुढच्या आठवड्यात त्याने नवी क्लिप पाठवली.

जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "सर, हे असलं जर्मन कुठे शिकलात?"

सरांनी बॅगेतून एक गुलाबी पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. मुखपृष्ठावर बशीएवढ्या डोळ्यांची एक मुलगी, हातात माईक, मागे तारेच तारे.

"हे माझं पाठ्यपुस्तक," ते म्हणाले. "अगं, तिथून नाही. मागून उघड. जपानी आहे ते, उजवीकडून डावीकडे चालतं."

ती जपानी मुलींसाठी असलेली मांगा होती, म्हणजे चित्रकथांची मालिका, जर्मनमध्ये भाषांतर केलेली. दहा भाग निघाले होते आणि सरांकडे दहाही होते. गोष्ट अशी, की नात्सू नावाच्या मुलीचं बंदरावर मासळीचं दुकान असतं. लिलावात ओरडून ओरडून तिचा आवाज घोगरा झालेला. तिला गाणाऱ्या मुलींच्या एका प्रसिद्ध चमूत घेतात, आणि तिथे कुरोदा नावाची शिक्षिका तिला 'मुलगी' बनवायला घेते. हसताना तोंडावर हात ठेवायचा. चालताना पावलं लहान टाकायची. आवाज वरच्या पट्टीत न्यायचा, मधासारखा करायचा. सर त्या शिक्षिकेला कुरोदाबाई म्हणत, आणि मराठी शाळेतल्या एखाद्या मुख्याध्यापिकेबद्दल बोलावं तसं तिच्याबद्दल तावातावाने बोलत.

"काल कुरोदाबाईंनी कहर केला. पोरीला दोन आठवडे बोलायचीच बंदी! घसा मऊ व्हावा म्हणून! मला सांग, हे ध्वनिशास्त्रात बसतं का?"

पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने शेरे असत. आमच्याकडे चाचणीत पास झालेल्या भागावर 'ई.ओ.' लिहितात, म्हणजे ठीक. नापास झाला की 'एन.ई.ओ.' नात्सूने भर स्टेजवर बूट काढून फेकले, तिथे ई.ओ. कुरोदाबाईंच्या जवळपास प्रत्येक चौकटीला एन.ई.ओ., आणि एके ठिकाणी तर पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत गिरवलेलं.

पण सरांचा खरा जीव होता तो त्या चित्रांत लिहिलेल्या आवाजांवर. पाऊल पडल्याचा आवाज, दार सरकल्याचा, हृदय धडधडल्याचा, सगळे अक्षरांत काढलेले. "आणि हे बघ," एकदा ते मला एक पूर्ण पान दाखवत म्हणाले. पानावर फक्त रिकामी खोली होती आणि कोपऱ्यात तीन जपानी अक्षरं. "हे 'शीन'. म्हणजे शांततेचा आवाज! आपण इतकी वर्षं लाखांचे माईक लावून मोजतोय, आपल्याला सुचलं का हे?" त्यानंतर त्यांना अशी खात्री पटली की जर्मन भाषेत आवाजांसाठी शब्द फार कमी आहेत. त्यांनी आपल्या अहवालांत मराठी घालायला सुरुवात केली. आमच्या प्रयोगशाळेतली पन्नाशीची जर्मन माणसं एकमेकांना गंभीरपणे सांगायची, "डावं पुढचं दार, कुरकुर, दुसरी पायरी. खडखड नाही. गेनाऊ, अगदी नेमकी, कुरकुर."

लोक हसत. मीही हसायचे. पण एक दिवस आमच्या विभागप्रमुखाने बैठकीत मला सांगितलं, की अनुजा, तू जरा हसत जा, म्हणजे वातावरण छान राहतं. त्या खोलीत अकरा पुरुष होते आणि एक मी. हे वाक्य मला नवीन नव्हतं. केस जरा लांब ठेव, आवाज जरा खाली ठेव, अशी त्याची भावंडं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मी वहीत डोकं घातलं. तेवढ्यात समोरून टिल्लूसरांनी विचारलं, "आणि मी? मीही हसू का?"

विभागप्रमुख गोंधळून म्हणाला, "हो, म्हणजे, सगळ्यांनीच..."

सर हसले. सगळे दात काढून, मिशी कानाकडे ताणून, डोळे विस्फारून हसले, आणि पुढची पन्नास मिनिटं तसेच बसून राहिले. ब्रेकच्या थरथरीवर बोलतानाही तसेच. विभागप्रमुखाला सरांकडे बघवेना. त्यानंतर मला कोणी हसायला सांगितलं नाही.

मी आणि सर एकाच इमारतीत राहत होतो. मी पहिल्या मजल्यावर, ते बरोबर वर. माझा नवरा निखिल वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये, शुक्रवारी यायचा. सरांचंही तसंच असावं अशी सगळ्यांची समजूत होती. त्यांच्या बायकोची नोकरी कायझर्सलाउटर्नला, कुठल्याशा संशोधन संस्थेत, आणि दर दुसऱ्या शनिवारी सर तिकडे जात. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी विचारलं, "वहिनींना आणलं नाही?" की सर म्हणत, "त्यांना तिकडे काम असतं," आणि पातेलं उचलून आमटी वाढायला निघून जात. एकदा एक काकू मला हळूच म्हणाल्या, "माणूस चांगला आहे गं, पण जरा हा आहे ना?" आणि बोट कपाळाजवळ फिरवलं. गुलाबी पुस्तकं तोवर सगळ्यांनी पाहिली होती.

मग एका रविवारी दुपारी दारावर टकटक झाली. सर उभे. हातात मोठा कागद.

"अनुजा, तुला शिवण येतं?"

"नाही हो सर. बटणसुद्धा आईच लावायची."

"हं. मी गृहीत धरलं. चूक झाली," ते म्हणाले. "तरी वर ये. दोन डोकी बरी."

वर गेले तर टेबलावर शिलाई मशीन. रविवारी इथे भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी तक्रार करतात, म्हणून सरांनी मशीनखाली प्रयोगशाळेत वापरतात तसले रबराचे चार थर घातले होते आणि बाजूला आवाज मोजायचं यंत्र लावून ठेवलं होतं. टेबलभर गुलाबी साटीन, पांढरी लेस. आणि त्या कागदावर एका झालरीच्या फ्रॉकचं अभियांत्रिकी रेखाचित्र. समोरून, बाजूने, वरून. प्रत्येक चुणीला माप, आणि मापापुढे 'दोन मिलिमीटर कमी-जास्त चालेल'.

नात्सूचा फ्रॉक होता तो. तिसऱ्या भागातला. मी ओळखला.

आता माझ्या मनात काय आलं ते सांगायलाच हवं. मला वाटलं, अच्छा, असं आहे होय. आणि मी स्वतःला बजावलं, अनुजा, तू शिकलेली आहेस, पुण्यातून जर्मनीत आली आहेस, तोंड वाकडं करायचं नाही. मी घसा साफ केला.

"सर, मला तुम्हाला सांगायचंय, की यात काहीही गैर नाही."

"कशात?"

"म्हणजे कोणी काय घालावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मी कोणाला बोलणार नाही. आणि तुम्हाला शोभेलही."

सर माझ्याकडे बघत राहिले. मग फ्रॉककडे. मग स्वतःच्या पोटाकडे.

"अनुजा," ते म्हणाले, "माझी कंबर बासष्ट सेंटिमीटर आहे असं तुला वाटतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर मात्र इतके हसले, की यंत्रावरचा काटा लाल रेघेपलीकडे गेला. मग हसू थांबलं आणि ते मशीनसमोर बसले.

"रेवासाठी आहे. माझी मुलगी. तेरा पूर्ण होतील."

सव्वा वर्षात मी हे नाव ऐकलं नव्हतं.

"मेघना आणि मी वेगळे झालो त्याला चार वर्षं झाली. भांडण वगैरे नाही. रेवा तिच्याकडे असते, मी दर दुसऱ्या शनिवारी जातो. आम्ही एका कॅफेत बसायचो, दोन तास. मी विचारायचो, शाळा कशी चाललीय? ती म्हणायची, 'गुट', छान. जेवलीस का? 'या', हो. मराठी सगळं कळतं तिला, पण बोलते जर्मन, आणि माझं जर्मन तेव्हा काय होतं? नट, बोल्ट, कंप. दोन तासांत सात शब्द बोलली होती एकदा. मी मोजले." सरांनी दोऱ्याचं टोक सुईसमोर धरलं, नेम चुकला. "मग एकदा ती हात धुवायला गेली, तर पिशवीतून पुस्तक डोकावत होतं. मी उघडलं. उलटं उघडलं, म्हणजे शेवट आधी. ती आली तेव्हा मी विचारलं, ही मुलगी का रडतेय गं? अनुजा, ती चाळीस मिनिटं बोलली. हातवारे करून. मला पाव भागच कळला. परत येताना मानहाइमला गाडी बदलायची असते, तिथे स्टेशनवर पुस्तकांचं दुकान आहे. तिथून पहिला भाग घेतला."

सुईत दोरा मी ओवून दिला. तेवढं येतं मला.

त्या फ्रॉकला आम्हाला सात रविवार लागले. त्या सात रविवारांत मला उरलेलं कळलं. रेवाचा आवाज नात्सूसारखाच घोगरा होता. शाळेच्या गाण्याच्या कार्यक्रमात तिला मागच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं, की तू नुसते ओठ हलव. हे मेघनाने मेलमध्ये कळवलं होतं. रेवा स्वतः वडिलांना बोलली नव्हती. पण मानहाइमला एका सभागृहात मांगा वाचणाऱ्या पोरापोरींचा मेळावा भरणार होता, सगळे आपापल्या आवडत्या पात्रासारखे नटून येणार होते, स्टेजवर गाणार होते, आणि तिथे रेवाने नाव दिलं होतं. फ्रॉक हवा, असं तिने म्हटल्याबरोबर सरांनी सांगून टाकलं होतं, की मी करतो. हातात सुई धरता येत नसताना.

साटीन चुरगळू नये म्हणून ट्रेन नको, मी माझ्या गाडीने त्यांना मानहाइमला नेलं. सभागृहाबाहेर निळे केस, हिरवे केस, पुठ्ठ्याच्या तलवारी, सशाचे कान. सर करडा सूट आणि टाय घालून आले होते, कारण मुलीचा कार्यक्रम. दारातच दोन मुली किंचाळल्या. मांगात त्या चमूचा एक कडक मालक आहे, उंच, मिशीवाला, करड्या सुटातला. सर हुबेहूब. फोटोसाठी रांग लागली. सरांना वाटलं इथली पद्धत असेल, ते प्रत्येकीशी हस्तांदोलन करून नाव विचारत होते.

मेघना रेवाला दारापर्यंत सोडायला आली. "माधव, पाच वाजता येते मी," एवढं बोलली, फ्रॉकच्या शिवणीवरून एकदा बोट फिरवलं, काहीतरी म्हणणार होती, मग माझ्याकडे बघून नुसती मान हलवून गेली.

रेवा बापासारखीच उंच आणि किडकिडीत. कपडे बदलून आली तेव्हा फ्रॉक तिला असा बसला होता की मला माझ्या ओवलेल्या दोऱ्याचासुद्धा अभिमान वाटला. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या आधीची मुलगी गात होती. गोड, वरच्या पट्टीत, अगदी कुरोदाबाईंना हवा तसा आवाज.

रेवा जर्मनमध्ये म्हणाली, "मी नाही गाणार. माझा आवाज मुलासारखा आहे. सगळे हसतील."

सर तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि आपल्या सगळ्या दहा भागांचं जर्मन घेऊन सरसावले. स्वप्नांवर विश्वास ठेव, तुझ्या हृदयातला तारा अजून विझलेला नाही, वगैरे.

"बाबा!" रेवा कळवळून म्हणाली. "झो रेडेट डोख काइन मेन्श!" म्हणजे, असं कुठलाही माणूस बोलत नाही. आणि मग जर्मनमध्येच भराभरा बोलत सुटली, तिचे डोळे भरून आले होते. "तू असं बोललास ना, की माझ्या वर्गातली मुलगी बोलतेय असं वाटतं. वर्गातल्या मुली मला पुष्कळ आहेत. तू मराठीत सांग ना. मराठीत तू बाबा असतोस."

मला वाटलं, झालं, चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि प्रयोगशाळेत बोलतात त्या साध्या आवाजात म्हणाले,

"रेवू, मी वीस वर्षं आवाजच ऐकतोय. वाईट आवाज म्हणजे काय ते मला माहीत आहे. दोन भाग एकमेकांचे नसतात आणि तरी एकमेकांवर घासतात, तो वाईट. तुझा घोगरा आहे. पण सगळा एकाच ठिकाणाहून येतो, तुझ्यातून. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. वर चढवायला जाऊ नकोस. जसा आहे तसा सोड. लोक हसले तर मी खाली बसलोय."

नाव पुकारलं. ती गेली.

आता मला असं लिहायला आवडलं असतं, की लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. तसं काही झालं नाही. पहिल्या ओळीला आवाज कापरा होता. दुसऱ्या कडव्यात एकदा फाटला, आणि मागे कोणीतरी खरंच हसलं. सर खुर्चीतून निम्मे उठले, मी बाही धरून बसवलं. पण रेवाने माईक दुसऱ्या हातात घेतला आणि उरलेलं गाणं खालच्या पट्टीत, लिलाव पुकारावा तसं ठणठणीत म्हणून टाकलं. टाळ्या चांगल्या पडल्या. निळ्या केसांच्या एका मुलीने शिट्टी मारली. बक्षीस गोड आवाजवालीला गेलं.

पाच वाजता आम्ही बाहेर मेघनाची वाट बघत उभे होतो. रेवाने फ्रॉकवर जाकीट चढवलं होतं, हातात बटाट्याचे काप होते. एकदम ती मराठीत बोलली. शब्द जपून, एकेक करून, दगडावरून ओढा ओलांडावा तसे.

"बाबा. पुढच्या वेळी तू नको येऊ."

सरांचा हात खिशातच राहिला. "बरं," ते म्हणाले. "काम आहे का तुला?"

"नाही. मी येते. तुझ्याकडे. एकटी. ट्रेनने."

परतीच्या वाटेवर, घराजवळच्या बोएब्लिंगेनची पाटी आल्यावर सर म्हणाले, "अनुजा, उद्या तुला वेळ आहे? एक वस्तू घ्यायचीय."

दुसऱ्या दिवशी रविवार, दुकानं बंद, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. सोमवारी कामावरून परस्पर जायचं ठरलं. तरी माप घ्यायला म्हणून त्यांनी मला वर नेलं आणि आतल्या खोलीचं दार उघडलं. सात रविवार मी त्या घरात घालवले होते. ती खोली अडगळीची असेल असं मी धरून चालले होते.

आत एक लहान पलंग होता. त्यावर हत्तीची पिल्लं छापलेली चादर, घडी न मोडलेली. एक टेबल, त्याला साजेशी बुटकी खुर्ची. पेन्सिली ठेवायचं भांडं, त्यात टोक केलेल्या बारा पेन्सिली. खिडकीला पिवळे पडदे. कुठे धुळीचा कण नाही.

"वेगळे झालो तेव्हा हे घर घेतलं," सर म्हणाले. "म्हटलं, येईल राहायला. तेव्हा ती नऊ वर्षांची होती." त्यांनी मोजपट्टी पलंगाला लावली. एक मीटर साठ. "आता ती एक सदुसष्ट आहे. पाय बाहेर येतील."

सोमवारी आम्ही दोन मीटरचा पलंग आणला. चादर कुठली घ्यावी यावर सर दुकानात पाऊण तास उभे राहिले. गुलाबी उचलली, ठेवली. फुलांची उचलली, ठेवली. मला म्हणाले, "तेरा वर्षांच्या मुलीला काय आवडतं?" मी म्हटलं, "तिलाच विचारा की." त्यांनी तिथूनच फोन लावला, मराठीत विचारलं, आणि पलीकडून जे उत्तर आलं ते ऐकून साधी करडी चादर घेतली.

ठरलेल्या शनिवारी सकाळी साडेदहाला माझी बेल वाजली. दारात रेवा. पाठीवर सॅक, केस वाऱ्याने विस्कटलेले. तिने खालची पाटी नीट वाचली नव्हती.

"टिल्लू?" तिने विचारलं, आणि मला ओळखून हसली. तोंडावर हात न ठेवता.

मी वर बोट दाखवलं. ती दोन दोन पायऱ्या चढत गेली. वरचं दार उघडल्याचा आवाज काही मला आला नाही. ते सकाळपासूनच उघडं होतं.